फसलेल्या तासांची वही

आमच्या कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून तीन शिरीष आहेत. फेब्रुवारी संपत आला की त्यांची पानं गळतात आणि वाळलेल्या शेंगा तेवढ्या राहतात. वारा आला की त्या वाजतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या त्याच बाजूला उघडतात, त्यामुळे प्रात्यक्षिक परीक्षांच्या दिवसांत आत सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड आणि बाहेर हा खुळखुळाट, असं दोन्ही एकदम सुरू असतं. आकुर्डीत नोकरी करणाऱ्याला ऋतू असे आडबाजूने कळतात. समोरून कळायला मोकळं माळरान लागतं, आणि आमचं होतं ते पार्किंगला गेलं.

यंदाही शेंगा वाजायला लागल्या आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांचं परिपत्रक आलं. "अध्यापक सहयोग गटाचे काम पूर्ववत सुरू करावे. दर शनिवारी दुपारी दोन वाजता. समन्वयक," आणि पुढे माझं नाव. सही करून कागद परत द्यायला मला जरा वेळ लागला. "पूर्ववत" हा शब्द ज्याने टाइप केला त्याला आधीचं काही ठाऊक नसणार. मला आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच फेब्रुवारीत हा गट पहिल्यांदा जमला होता. वरून आदेश होता की प्राध्यापकांनी गट करावेत, एकमेकांकडून शिकावं आणि आपलं शिकवणं सुधारावं. आदेश वाचून आम्ही मनापासून हसलो होतो. प्राध्यापक वर्गाचं दार लावून घेतो आणि मग आत काय करतो हे दुसऱ्या प्राध्यापकाला कधीच कळत नाही. माझ्या तोवरच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकाही सहकाऱ्याने मला शिकवताना पाहिलं नव्हतं. मीही कुणाला पाहिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकांची मुलं, गुडघे आणि रक्तातली साखर यांची खडान्‌खडा माहिती बाळगून होतो. शिकवण्याबद्दल बोलणं मात्र जरा असभ्य वाटायचं.

आम्ही पाच जण होतो. त्यातल्या दोघांची ओळख करून देतो, कारण पुढे काम त्यांचंच आहे. रसायनशास्त्राचे मोरे सर मूळचे लातूरकडचे. पंचवीस वर्षं चिंचवडात राहूनही त्यांची बोली तिकडचीच राहिली. दुसऱ्या वैशाली गायकवाड मॅडम, माझ्याच विभागातल्या, तिशी नुकती ओलांडलेल्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन आणि दर जूनमध्ये नव्याने मुलाखत. चार वर्षं त्या अशा मुलाखती देत आल्या होत्या. पाचवी समोर होती, आणि या वेळी पूर्णवेळ नेमणुकीची एक जागाही निघणार होती. ही जागा त्यांना मिळेल असं विभागात सगळेच धरून चालले होते. त्याही धरून होत्या, पण तसं बोलून दाखवत नव्हत्या.

पहिले दोन शनिवार आम्ही रीतसर वाया घालवले. कुणीतरी स्लाइड दाखवायचं, इतरांनी मान हलवायची, मोरे सरांनी डोळे मिटून चिंतन करायचं. तीन वाजता पलीकडच्या दुचाकीच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा. पहिली पाळी सुटायची, रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांचा असा आवाज उठायचा की पाच मिनिटं काही ऐकू येत नसे. त्या पाच मिनिटांची सगळे वाट बघायचे.

तिसऱ्या शनिवारी मोरे सर स्टीलच्या कॅनमधून घरचं ताक घेऊन आले. कागदी कपांत ते ओतता ओतता म्हणाले, "मी काल एक तास पार वाया घालवला बगा. बेंझिन शिकवायलोय. चाळीस मिनिटं फळा भरला. वळून बघतो तर पोरं अनोळखी. कॉमर्सचा वर्ग निघाला की हो. मी म्हटलं, अरे बोलायचं नाही का? तर एक पोरगं उठून काय म्हणतंय, सर, तुमी लई जीव तोडून शिकवत व्हता, मंग आमी बोललोच न्हाई."

आम्ही हसलो. मग हसणं संपल्यावर ते हळूच म्हणाले, "मला एक विचार पडलाय. आमची स्वतःची पोरं बी अशीच बसत असतील का? मान हलवत, न कळता?" यावर कुणी हसलं नाही. त्या दिवशी भोंगा झाला तरी आम्ही बोलत राहिलो.

तिथून प्रथा पडली. दर शनिवारी एकाने आपला एक फसलेला तास सांगायचा. यशस्वी तासाची गोष्ट सांगायला बंदी. ऐकणाऱ्यांनी उपदेश करायचा नाही, हवं तर प्रश्न विचारायचा. आणि हे सगळं एका वहीत लिहायचं, ती वही प्रयोगशाळेच्या कपाटातून बाहेर काढायची नाही. "बाहेर गेली तर मी रसायनाचा माणूस आहे, ध्यानात ठेवा," मोरे सर म्हणाले. वही म्हणून मी प्रॅक्टिकलची एक उरलेली जर्नल घेतली. उजवीकडे रेघा, डावीकडे आकृतीसाठी कोरं पान. लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. हे मी नम्रपणे सांगत नाही. ते खरोखरच चांगलं आहे, आणि आयुष्यात त्याचं जेवढं कौतुक झालं तेवढं माझं दुसऱ्या कशासाठीही झालेलं नाही.

मी उजव्या पानावर पट्टीने चार रकाने पाडले. वर्ग आणि शिक्षक. काय ठरवलं होतं. काय झालं. काय केलं. प्रत्येक नोंदीला दोन ओळी. मला गोषवाऱ्याची आवड आहे. थोडक्यात मांडता येत नाही ते कळलेलंच नाही, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. बायको म्हणते, तुम्हाला आपल्या संसारावर लिहायला सांगितलं तर अर्ध्या पानात उरकाल. डावीकडची कोरी पानं कोरीच राहिली. तिथे काढण्यासारखी आकृती काही नव्हती.

ते पाच-सहा आठवडे आता आठवले की आधी वास येतो. ताकातल्या जिऱ्याचा. स्पिरिटचा. दुपारी वारा फिरला की कुठल्यातरी कारखान्याच्या रंगकामाचा गोडसर, डोकं धरायला लावणारा. बाहेर शेंगांचा आवाज. सोडियमचा दिवा लावल्यावर लगेच पिवळा होत नाही, आधी बराच वेळ तांबूस दिसतो, हे मी हजारदा पाहिलं होतं. पण परीक्षेची घाई नसताना नुसतं बसून पाहिलं ते त्याच दिवसांत. मी सांगवीहून येतो. त्या दिवसांत शनिवारी घरी परतताना मी सिग्नलला हॉर्न वाजवत नसे, असं मुलीचं निरीक्षण आहे.

माझ्या पाळीला मीही फसलेले तास सांगितले. एकाच शनिवारी तीन सांगितले. पुढे कधीतरी वही चाळताना ध्यानात आलं की तिन्हींमध्ये चूक अशी होती की ऐकणाऱ्याला माझं कौतुकच वाटावं. एकात मी मुलांच्या आकलनापेक्षा फार पुढचं शिकवलं होतं. दुसऱ्यात वेळेचं भान विसरून शिकवत राहिलो होतो. तिसरंही त्याच जातीचं होतं.

मार्चच्या मध्यावर वैशाली मॅडमची पाळी आली. उष्मागतिकीचा दुसरा नियम, दुसरं वर्ष, सकाळचा पहिला तास. वर्गात चार मुलं झोपली होती. मागच्या बाकावर, डोकी हातांवर टेकून, अगदी गाढ.

"मी उठवलं नाही त्यांना," त्या म्हणाल्या. "चौघंही कुरुळीला खोली करून राहतात. चाकणला कंपनीत थर्ड शिफ्ट करतात आणि तिथूनच परस्पर मोशीमार्गे कॉलेजला येतात. आमचे बाबा कारखान्यात लेथवर टर्नर होते. त्यांची थर्ड शिफ्ट असली की सकाळी घरात कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. आई शिट्टीवर ओलं फडकं धरून उभी राहायची. आम्ही भावंडं खुणांनी भांडायचो. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला की मला त्याला उठवताच येत नाही, सर. हातच पुढे होत नाही."

मोरे सरांनी विचारलं, "मग त्यांचा तास बुडाला का?"

"नाही. चार वाजेपर्यंत त्यांची झोप होते. कँटीनमागच्या ओट्यावर मी त्यांना तो भाग परत शिकवला. महिनाभर तसंच चाललंय."

"मग ह्यात फसलं काय? हा तर चांगलाच तास झाला."

"फसलं ना सर. बाकीच्या पन्नास जणांनी बघितलं की या बाईंच्या तासाला झोपलेलं चालतं. परवा पहिल्या बाकावरच्या एकाने डोकं टेकलं. तो काही शिफ्ट करत नाही. त्याला कुठल्या तोंडाने उठवू? हे मला अजून सोडवता आलेलं नाही."

आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. मोरे सरांनी कॅनमधलं उरलेलं ताक त्यांच्या कपात ओतलं. माझ्या नोकरीत शिकवण्याबद्दल इतकं खरं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. मग मी पेन उघडलं आणि दोन ओळींत लिहिलं. काय झालं: सकाळच्या पहिल्या तासाला चार विद्यार्थी झोपले. काय केलं: उठवलं नाही. लिहून झाल्यावर एकदा वाचलं. नेमकं वाटलं.

मार्चअखेरीस मूल्यांकन समिती यायची होती. ज्यांनी कॉलेजात नोकरी केलेली नाही त्यांना या दिवसांची कल्पना येणार नाही. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो. वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोल्यांवर पाट्या येतात. जे केलं त्याचा पुरावा शोधायचा आणि जे केलं नाही त्याचाही, अशी दुहेरी धावपळ असते. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "तुमचा तो गट खरंच चालतो म्हणे. पुरावा काय?"

माझ्यापुढे इतर मार्ग होते. हजेरीपट होता. फोटो होते. दोन पानांचा अहवाल मी अर्ध्या तासात लिहून दिला असता. पण इतर गटांचे अहवाल मी पाहिले होते, सगळे खोटे, आणि आमचं खरं होतं. ते खरं आहे हे कुणालातरी दिसावं असं मला फार वाटलं. मी कपाट उघडलं आणि वही नेऊन दिली. कुणाला विचारलं नाही. नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात असं एकदा मनात आलं. मग वाटलं, पट्ट्या दिसल्या तर बनावट वाटेल.

समितीला वही आवडली. उजवीकडची पानं स्कॅन होऊन अहवालात "उत्तम उपक्रम" या मथळ्याखाली लागली. डावीकडची कोरी होती, ती कोण स्कॅन करणार? समितीचे अध्यक्ष म्हणाले, किती पारदर्शक, आणि अक्षर किती सुरेख. घरी जाऊन मी हे जेवताना सांगितलं. बायकोने वाढता वाढता विचारलं, "बाकीच्यांना विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? कॉलेजचंच काम आहे."

त्यानंतरची आमटी मला मागून घ्यावी लागली.

जूनमध्ये मुलाखती झाल्या. प्राचार्यांच्या दालनात टेबलामागे आम्ही तिघं होतो. मध्ये प्राचार्य, उजवीकडे बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ, डावीकडे विभागप्रमुख म्हणून मी. तज्ज्ञ माणूस वाईट नव्हता. चहा घेताना त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली होती. मूल्यांकनाचा जाडजूड अहवाल टेबलावर शोभेला ठेवलेला होता आणि उमेदवार बदलताना मधल्या वेळात तज्ज्ञ तो चाळत होते. वैशाली मॅडम आत आल्या, बसल्या, आमच्या प्रश्नांची चांगली उत्तरं देत होत्या. अजून पानं उलटत असलेल्या तज्ज्ञांचं बोट एका पानावर थांबलं.

"गायकवाड म्हणजे तुम्हीच ना?" आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. "सकाळच्या पहिल्या तासाला चार विद्यार्थी झोपले. उठवलं नाही." माझं अक्षर इतकं स्वच्छ आहे की ते कुठेही अडखळले नाहीत. "हे खरं आहे?"

"हो सर."

"उठवलं नाही?"

"नाही उठवलं."

मग वैशाली मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पुढचं वाक्य माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते मी आता बोलेन म्हणून त्या थांबल्या. एका वाक्याचं काम होतं. मुलं रात्रपाळीची होती आणि यांनी त्यांना तो भाग चार वाजता परत शिकवला, एवढंच. पण त्या घडीला त्यांच्या जागेपेक्षा मला दुसरंच काहीतरी मोठं वाटत होतं. वही कपाटाबाहेर कशी आली हे त्यांना आता कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर ते सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघालं असतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"सर, ती मुलं..." त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

"ठीक आहे, ठीक आहे," तज्ज्ञ म्हणाले. "या तुम्ही."

जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्या वर्षी तासिका तत्त्वावरच्या यादीतही वैशाली मॅडमचं नाव आलं नाही. दोन्ही कागदांवर मी सही केली. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्या पाण्याची बाटली पिशवीत घालत उभ्या होत्या. "येते सर," म्हणाल्या. मी "हो, या" म्हणालो. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटताना माणूस किती सराईतपणे बोलतो हेही मी तेव्हाच पाहिलं.

मोरे सरांना दोन दिवसांनी कळलं. ते प्रयोगशाळेच्या दारात आले, आत आले नाहीत. "वही दिलात होय?" एवढंच विचारलं. जुलैपासून शनिवारी दोन वाजता कुणी आलं नाही. मीही कुणाला निरोप पाठवला नाही. त्यांचा स्टीलचा कॅन बरेच दिवस सिंकखाली राहिला होता. एके दिवशी तोही दिसला नाही.

या गोष्टीवर मी तीन वर्षं फार विचार केला असं म्हणणं खोटं होईल. नोकरीत माणूस कामाला जुंपलेला असतो. पेपर काढायचे, तपासायचे, पुन्हा काढायचे. फक्त शेंगा वाजायला लागल्या की ताकातल्या जिऱ्याचा वास यायचा आणि मी खिडक्या लावून घ्यायचो. मुलांना उकडायचं.

यंदाचं परिपत्रक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन मी चाकणला एका कंपनीत गेलो. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. हीसुद्धा याच ऋतूतली रीत आहे, अभ्यासक्रमात भेट लिहिलेली असते आणि ती उरकायची असते. गेटवर आमचे फोन ठेवून घेतले, पायांत जड बूट दिले. आत एका बाजूला काचेची प्रशिक्षणाची खोली होती. राखाडी शर्टातली एक बाई वीसेक नव्या ट्रेनींना जाडी मोजायचं मायक्रोमीटर धरायला शिकवत होती. "आवळायचं नाही. रॅचेट तीनदा वाजलं की थांबायचं. आणि मोजायच्या आधी शून्य बघायचं, दर वेळी." आवाज ओळखायला मला वेळ लागला नाही. पाय मात्र मागे सरले.

"सर, रेघेच्या आत या," वैशाली मॅडम दारातून म्हणाल्या. "फोर्कलिफ्ट येतो तिथून."

मी पिवळ्या रेघेच्या आत आलो. मुलं पुढे गेली. मशीनचा चहा घेऊन आम्ही काचेबाहेर उभे राहिलो. घरचं विचारून झालं, बाबांची तब्येत विचारून झाली. मग मी म्हणालो, "मॅडम, त्या दिवसाबद्दल मला..." आणि पुढे काही आलं नाही. अठ्ठावीस अधिक तीन, एकतीस वर्षं बोलून पोट भरलेला माणूस मी.

"मला वहीचा राग नव्हता आला सर," त्या म्हणाल्या. "म्हणजे आला, पण तो गेला. तुम्हाला पुढचं माहीत होतं. त्याचा नाही गेला अजून."

मी मान हलवली.

"इथे गंमत माहितीये का? थर्ड शिफ्ट करून ट्रेनिंगला आलेला ट्रेनी पेंगताना दिसला तर त्याला मशीनवर सोडत नाहीत. आधी अर्धा तास झोप, मग काम. तसा नियमच आहे लिहिलेला." त्या थोडं हसल्या. मग म्हणाल्या, "वही आहे अजून?"

"आहे. कपाटात."

"माझी नोंद अर्धीच आहे तिच्यात. पुरी कराल? चार वाजता परत शिकवलं ते लिहा. का उठवलं नाही ते लिहा. चारातले तीन पास झाले, एक नापास झाला. तेही लिहा. आणि पहिल्या बाकावरच्या त्या मुलाचं काय करायचं हे मला सुटलं नव्हतं, ते नक्की लिहा."

"आता त्याचा तुम्हाला उपयोग..."

"मला नाही होणार सर. पण ते पान तुमच्या फायलीत आहे. उद्या कुणीतरी परत वाचेल आणि मी म्हणजे तेवढीच दिसेन."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. "बूट गेटवर परत द्या, विसरू नका," म्हणून त्या आत गेल्या.

शुक्रवारी दुपारी मी कपाट उघडलं. जर्नलच्या त्या पानावर पेन टेकवून पाहिलं, दोन ओळींखाली जागा नव्हती. मीच पट्टीने मोजून ठेवली नव्हती. पण डावीकडचं पान होतं. पूर्ण कोरं, तीन वर्षं समोर असलेलं. त्यांनी सांगितलं ते सगळं मी त्या पानावर लिहिलं, शिट्टीवर धरलेल्या ओल्या फडक्यासकट. पान भरलं. मग पुढचं पान उलटलं आणि माझी नोंद लिहायला घेतली. ही दोन ओळींत सहज मावली असती. मी तसं केलं नाही.

काल शनिवार होता. परिपत्रकामुळे मोरे सरांना यावंच लागलं. ते हाताची घडी घालून खिडकीशी बसले, ताक आणलं नव्हतं. नव्या माणसांत निकिता पाटील मॅडम होत्या, गणिताच्या, गेल्या वर्षापासून तासिका तत्त्वावर. दोघं आणखी होते. एकाने लॅपटॉप उघडून पहिली स्लाइड तयार ठेवली होती, तिच्यावर लिहिलं होतं "विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद". मी त्यांना म्हणालो, जरा थांबा, आणि जर्नल उघडली. आधी मॅडमच्या नोंदीचं डावं पान वाचलं. मग माझं.

"वर्ग, प्राचार्यांचं दालन. काय ठरवलं होतं: योग्य शिक्षक निवडायचा. काय झालं: माझ्या हातची एक अर्धी नोंद वाचली गेली. उरलेली अर्धी मला पाठ होती. जिची होती ती माझ्याकडे बघत थांबली. काय केलं: पेनाचं टोपण लावलं." पुढेही बरंच होतं. वही कुणाला न विचारता कशी दिली, पट्ट्या का लावल्या नाहीत, सही कुठल्या कागदांवर केली. मध्येच भोंगा झाला. बसगाड्या निघेपर्यंत मी थांबलो आणि राहिलेलं वाचलं.

मोरे सर बाहेर शेंगांकडे बघत होते, ते वळले. मग म्हणाले, "आता ही वही बी फायलीत जाणार का?"

"माझं पान जाईल. आणि मॅडमच्या नोंदीसमोरचं, त्यांनी सांगितलंय म्हणून. सोमवारी झेरॉक्स काढून मी स्वतः देणार आहे. बाकी वही कपाटात राहील." मी कपाटाची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "आणि ही तुमच्याकडे."

त्यांनी ती उचलली, उलटून बघितली आणि शर्टच्या खिशात टाकली. मला माफ केलं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि मी तो काढलाही नाही.

लॅपटॉपवाल्यांनी लॅपटॉप मिटला. निकिता मॅडमनी एकदा मोरे सरांच्या खिशाकडे पाहिलं, मग जर्नल स्वतःकडे ओढून घेतली. रकान्यांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "सर, परवा माझा एक तास झालाय. पण तो दोन ओळींत नाही मावणार."

"डावीकडचं पान कोरं आहे," मी म्हणालो. "तिथून सुरू करा. आणि मॅडम, तुमचं तुम्हीच लिहा."